डिजिटल पियानोवरील मुद्रणातून दोन हातांची स्वरलिपी

ग्वाल्हेर येथे १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील शिक्षणाची आखणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली झाली होती. तत्पूर्वी ग्वाल्हेरच्या काही निवडक गायकांना स्वरलेखनाची पद्धती शिकून घेण्यासाठी त्यांच्याकडे मुंबईस पाठविण्यात आले होते. राजाभैया पूछवाले हे त्यांपैकी एक. पुढे तेच या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. जी विद्या तोपर्यंत गुरूसमोर बसून कानाने टिपावयाची व कंठात साठवावयाची होती, ती कागदावर उतरविण्याचे ते कार्य सोपे नव्हते. गळ्यातून निघालेले काय लिहावयाचे आणि काय गुरुमुखासाठी सोडून द्यावयाचे, याचा निर्णय लिहिणाऱ्याला प्रत्येक ओळीत घ्यावा लागे.

आता हे काम संगणक आपोआप करतो, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. डिजिटल पियानोवर वाजवावे, वाजविलेले संगणकात घ्यावे, आणि कळ दाबताच दोन्ही हातांची स्वरलिपी छापून यावी, अशी अपेक्षा असते. कागद छापून येतो, हे खरे. परंतु तो बहुधा वाजविता येण्यासारखा नसतो. यंत्राने काय टिपले आणि काय टिपलेच नाही, हे नीट समजून घेतले तर या कागदाची उपयुक्त स्वरलिपी कशी करावी हे कोणाही संगीतशिक्षकाला जमेल. तेवढ्यासाठीच प्रस्तुत पाठ आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम या वसाहतीत एक वयोवृद्ध मराठी संगीतशिक्षक राहतात. त्यांनी आयुष्यभर शिकविलेल्या गती व बंदिशी दोन्ही हातांनी पियानोवर वाजविण्याजोग्या बसविल्या आहेत. त्यांतील एकही कोठे लिहिलेली नाही. शिष्य पुण्यास, नागपुरास आणि त्याहूनही दूर आहेत. बोटे चालत आहेत तोवर हे सारे उतरून घ्यावयाचे आहे. अशा वेळी चुकीची स्वरलिपी ही स्वरलिपी नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते. कारण शिक्षक विचारण्यापलीकडे गेले की पुढच्या पिढीला तो कागदच प्रमाण वाटू लागतो.

मुद्रणाचे दोन प्रकार

पहिली गोष्ट म्हणजे मुद्रण दोन निरनिराळ्या प्रकारांनी होते आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक, ध्वनीचे मुद्रण. यात हवेतील कंपने साठविली जातात. गाणे, खोकला, खिडकीबाहेरचा फेरीवाला, सर्व काही त्यात येते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीच्या अशा मुद्रणाला मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. दुसरा प्रकार मिडी या नावाने ओळखला जातो. १९८३ साली अमेरिकेतील व जपानमधील वाद्यनिर्मात्यांनी मिळून तो रूढ केला. मिडीच्या फाइलमध्ये आवाज मुळीच नसतो. शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे तीत केवळ नोंदी असतात: अमुक क्रमांकाची पट्टी अमुक क्षणी दाबली, १ ते १२७ पैकी इतक्या जोराने दाबली, आणि अमुक क्षणी सोडली. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ असे क्रमांक आहेत व मध्य सप्तकातील पांढरी एक हिचा क्रमांक ६० आहे. पायाखालचे पेडल दाबल्याचीही नोंद वेगळ्या क्रमांकाने होते. संपूर्ण गतीची अशी फाइल काही किलोबाइटांत मावते.

स्वरलेखनासाठी हा हजेरीपटच हवा. केवळ ध्वनिमुद्रण हाती असेल तर त्यातून स्वर ओळखणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत आणि गेल्या काही वर्षांत ती पुष्कळ सुधारलीही आहेत. पण त्यांचे काम अखेर अनुमानाचे असते. तानपुरा उत्तम जुळलेला असला म्हणजे षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, हे संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पियानोच्या प्रत्येक स्वराबरोबरही वरचे स्वर असेच सूक्ष्म रूपाने वाजत असतात. संगणकाला ते कधी कधी मुद्दाम वाजविलेले वाटतात, आणि न दाबलेला तार षड्ज किंवा पंचम कागदावर उमटतो. म्हणून शिक्षक हयात असून वाजवू शकत असतील, तर जुन्या ध्वनिफितीवरून अनुमान करीत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून एकवार मिडीवर वाजवून घ्यावे. ध्वनिमुद्रणही सोबत करावे; पुढे शंका आल्यास तेच साक्षीला येते.

यासाठी महागडे वाद्य लागत नाही. पियानो व संगणक यांना जोडणारी यूएसबी वायर पुरते. कित्येक पियानो पेनड्राइव्हवरही मिडी फाइल उतरवून देतात. एखाद्या ग्रामीण शाळेत ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड असेल तर त्यावरही हे सर्व करता येते. त्याच्या पट्ट्यांचे क्रमांक सामान्यतः ३६ ते ९६ असतात, आणि आपल्या गती त्यात सहसा मावतात. लेखनासाठी म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते व ते मिडी फाइल सरळ उघडते.

लय यंत्राला कळत नाही

हजेरीपटात वेळ असते, मात्रा नसते. हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा असून बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथेच आहे.

समजा, आपले शिक्षक तीनतालातील गत मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत वाजवीत आहेत. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची झाली. फाइलमध्ये लयीचा उल्लेख नसेल तर मिनिटास १२० मात्रा अशी लय गृहीत धरण्याचा संकेत आहे. या हिशेबात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. परिणामी शिक्षकांची प्रत्येक मात्रा यंत्राच्या लेखी दीड मात्रा ठरते, आणि सोळा मात्रांचे आवर्तन चोवीस मात्रांचे होऊन बसते. चार विभागांच्या जागी सहा बार दिसू लागतात, आणि साध्या मात्रांवर टिंबे व जोडरेषा यांची गर्दी होते. वाजविण्यात काहीही चूक नसताना कागद मात्र वेडावाकडा.

यावर उपाय म्हणजे आधी लय ठरवावी, तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावा, आणि मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवावे. शिक्षकांना यंत्राचा ठोका रुचत नाही. त्यात आश्चर्य नाही. तबल्याच्या ठेक्यात जो जिवंत ताण असतो तो टकटकीत कोठून येणार? परंतु हे वाजविणे मैफलीसाठी नसून लेखनासाठी आहे, हे नम्रपणे समजावून सांगितल्यास अडचण पडत नाही. हवे असल्यास मैफलीच्या ढंगाने मोकळे वाजविलेले मुद्रण निराळे ठेवावे.

दुसरी बाब समेची. अनेक पियानोंत पहिली पट्टी दाबताच मुद्रण सुरू होते, आणि सॉफ्टवेअर त्या पहिल्या स्वरालाच पहिली मात्रा समजते. मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून उठते. तिचा पहिला स्वर जर पहिल्या मात्रेवर बसविला, तर खरी सम दुसऱ्या बारच्या दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडते, आणि पुढील सर्व उभ्या रेषा चुकीच्या ठिकाणी येतात. म्हणून मुद्रण समेपासून सुरू करून अकरा मात्रा रिकाम्या मोजाव्यात व बाराव्या मात्रेवर वाजवू लागावे. तसे झाले नसल्यास कागदावर आरंभी अकरा मात्रांचा विराम घालून सर्व स्वर पुढे सरकवावेत.

तिसरी बाब स्वर जवळच्या मात्रांशाला बसविण्याची. सॉफ्टवेअरमध्ये तिला क्वांटाइझ म्हणतात. कोणाचेही बोट नेमक्या क्षणी पडत नाही. एखादा शतांश सेकंद पुढेमागे होतोच. म्हणून यंत्राला सर्वांत लहान मात्रांश कोणता धरावयाचा, ते सांगावे लागते. वरील लयीत मात्रेचे चार भाग धरले तर प्रत्येक भाग सुमारे १८८ मिलिसेकंदांचा होतो, आणि ९० मिलिसेकंदांपर्यंतचे पुढेमागे यंत्र सुधारून घेते. तेच मात्रेचे सोळा भाग धरले तर प्रत्येक भाग ४७ मिलिसेकंदांचा. तेथे अवघ्या ३० मिलिसेकंदांच्या फरकाने स्वर शेजारच्या घरात जातो आणि विरामांचे तुकडे पडतात. उलट मात्रेचे दोनच भाग धरले, तर चौगुणीतील चार स्वर दोन-दोन एकत्र चिकटून निघतात आणि तान नाहीशी होते. तेव्हा गतीत प्रत्यक्ष असलेला सर्वांत लहान मात्रांश ओळखून तोच निवडावा, त्याहून बारीक कधीही निवडू नये. मात्रेत तीन स्वर येत असतील तरच तिहेरी गटांचा पर्याय खुला ठेवावा.

स्वर सोडल्याच्या वेळेवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. पेडल दाबलेले असताना वादक बोट लवकर उचलतो. स्वर कानाला वाजत राहतो, पण कागदावर विराम येतो. स्वरांची लांबी कान देऊन हातानेच दुरुस्त करावी.

कोणता स्वर कोणत्या हाताचा

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही, याचे कारण संवादिनी. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीत हार्मोनियमला मानाचे स्थान मिळवून दिले. पण त्या वाद्याचा एक हात भात्यात गुंतलेला. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे होतात, आणि मराठी संगीत रंगभूमीने तिचा व ऑर्गनचा पुष्कळ उपयोग केला. तथापि दोन्ही हातांचे वेगवेगळे लेखन करण्याची प्रथा आपल्याकडे पडली नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत पियानोसाठी पाच-पाच रेषांच्या दोन ओळी एकाखाली एक लिहितात. वरची सामान्यतः उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची.

मिडीच्या नोंदीत पट्टीचा क्रमांक आहे, हाताचा नाही. मग यंत्र वाटणी करते ती बहुधा उंचीवरून: क्रमांक ६० व त्यावरील स्वर वर, त्याखालील खाली. यमनची गत घ्या. षड्ज पांढरी एकवर. यमनची उठावण बहुधा मंद्र निषादावरून होते: नि रे ग. हा मंद्र निषाद म्हणजे क्रमांक ५९. म्हणजे गतीचा पहिलाच स्वर डाव्या हाताच्या ओळीत जाऊन पडतो, आणि ऋषभ व गांधार वरच्या ओळीत राहतात. विद्यार्थी कागदाप्रमाणे निषाद डाव्या हाताने वाजवितो, त्या हाताचा मंद्र षड्ज-पंचमाचा आधार सुटतो आणि उठावणीचा एकसंधपणा मोडतो. पुढे शिक्षक तार पंचमाकडे जातात तेव्हा डावा हातही वर सरकून मध्य सप्तकातील सा, ग, प धरतो. आता यंत्र हे चारही स्वर उजव्या हाताला देते. मध्य षड्जापासून तार पंचमापर्यंत एकोणीस अर्धस्वरांचे अंतर आहे. पियानोवर एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते व प्रौढ माणसाचा पंजा सामान्यतः एक सप्तक, फार तर त्याहून थोडा अधिक पुरतो. एकोणीस अर्धस्वर एका हाताने धरणे मनुष्याला शक्य नाही.

येथेच शिक्षकाच्या हाती एक सोपी कसोटी येते. छापून आलेल्या कागदावर कोणत्याही एका ओळीत, एकाच क्षणी, एक सप्तकाहून बरेच अधिक अंतर दिसले की तेथे वाटणी चुकली असे समजावे. दुसरी कसोटी उडीची: चाल सरळ चालली असताना एखादाच स्वर दुसऱ्या ओळीत पडून लगेच परत येत असेल, तर तो बहुधा चालीचाच आहे.

सर्वांत चांगला उपाय मात्र आधीच करावयाचा आहे. बऱ्याच डिजिटल पियानोंत दोन भागांचे मुद्रण होते. प्रथम मेट्रोनोमवर केवळ उजवा हात वाजवून घ्यावा, नंतर तो ऐकत डावा. दोन ट्रॅक वेगळे राहिले की वाटणीचा प्रश्नच उरत नाही. ज्यांना हात सुटे करून वाजविणे जमत नाही (आणि आयुष्यभर दोन्ही हातांनी वाजविलेल्यांना ते अनेकदा जमत नाही), त्यांच्या बाबतीत वादनाच्या वेळी मोबाइलवर वरून हातांचे चित्रण करून ठेवावे. वाटणी करताना त्या चित्रणाइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना एक भेद ध्यानात घ्यावा. म्यूझस्कोरमध्ये स्वर निवडून कंट्रोल व शिफ्ट यांसह वरच्या किंवा खालच्या बाणाची कळ दाबली तर स्वर दुसऱ्या ओळीवर दिसू लागतो, पण त्याची मालकी मूळ हाताकडेच राहते. डावा हात वर गेला आहे, असे दाखविण्यासाठी ही सोय उत्तम. स्वर खरोखरच दुसऱ्या हाताचा असेल, तर तो कापून त्या ओळीत चिकटवावा लागतो. एकाच हाताने खालचा स्वर धरून ठेवून वरचे स्वर चालविलेले असतील, तर त्यांना त्या ओळीतच दोन निरनिराळे आवाज द्यावेत. नाहीतर लांब स्वराचे विनाकारण तुकडे पडतात.

पट्टी एक, नावे दोन

क्रमांक ६३ ही पट्टी कोमल गांधार आहे की चढविलेला ऋषभ, हे यंत्राला माहीत नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र त्यांची जागा निराळी. काफीत ती पट्टी ऋषभाच्या जागी लिहिली गेली, तर एकाच घरात दोन स्वर आणि गांधाराचे घर रिकामे, असा विचित्र देखावा दिसतो. सात स्वरांना सात घरे, हा नियम शिक्षकांनी सोडू नये. षड्ज पांढरी एकवर असता ओळीच्या आरंभी यमनसाठी एक तीव्र चिन्ह, काफीसाठी दोन कोमल चिन्हे व भैरवीसाठी चार कोमल चिन्हे घातली की यंत्र नावे बरोबर लिहू लागते. भैरवाला असे तयार चिन्ह नाही. तेथे कोमल ऋषभ व कोमल धैवत जागोजागी दाखवावे लागतात.

मींड पियानोवर निघत नाही, तेव्हा तिची चिंता येथे नाही. कण स्वर मात्र निघतो, आणि यंत्र त्याला अतिलघु मात्रांशाचा स्वतंत्र स्वर समजून मुख्य स्वराची मात्रा कापते. असे स्वर शोधून त्यांना लहान आकाराच्या कणाचे रूप द्यावे व मुख्य स्वराला त्याची पूर्ण मात्रा परत द्यावी.

तपासणी, परवानगी आणि जतन

तयार कागद संगणकाकडून वाजवून ऐकल्याने स्वर तपासले जातात, हात तपासले जात नाहीत. त्यासाठी ती गत पूर्वी न ऐकलेल्या विद्यार्थ्यापुढे कागद ठेवून त्याला सावकाश वाजवू द्यावे, आणि मूळ शिक्षकांनी ऐकावे. तो जेथे अडखळतो तेथे बहुधा लेखनात दोष असतो.

ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही, त्यांच्यासाठी हीच गत भातखंडे पद्धतीने दोन ओळींत लिहिता येते. वर उजवा हात, खाली डावा, मात्रा बरोबर एकाखाली एक. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खाली व तारेस वर बिंदू, एका मात्रेतील स्वरांना खालून कंस, ही चिन्हे शिक्षकांच्या परिचयाचीच आहेत. समेचे व खालीचे चिन्ह दोन्ही ओळींना मिळून एकदाच द्यावे. शाळांमधून ही प्रत अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

गत शिक्षकांची स्वतःची रचना असेल तर लेखी परवानगी घ्यावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होईपर्यंत लिहिलेले किंवा छापलेले संगीतच संगीतकृती म्हणून ओळखले जाई. आता न लिहिलेल्या रचनेलाही संरक्षण आहे, आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. कागदावर रचनाकार, वादक व लेखन करणारा अशी तिन्ही नावे आणि तारीख स्पष्ट असावी. लेखन करणाऱ्याने एखादी जागा आपल्या समजुतीने ठरविली असेल, तर तेथे तारांकन करून खाली तसे नमूद करावे.

राहिला प्रश्न फाइल टिकण्याचा. फिनाले हे १९८८ पासूनचे नामांकित स्वरलेखन-सॉफ्टवेअर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या निर्मात्यांनी त्याचा पुढील विकास थांबविल्याचे जाहीर केले. ज्यांची वर्षानुवर्षांची लेखने केवळ त्याच्याच स्वरूपात होती, त्यांची मोठी धावपळ झाली. म्यूझिक-एक्सएमएल हे स्वरूप निरनिराळी सॉफ्टवेअर एकमेकांचे लेखन वाचू शकावीत यासाठीच आहे, म्हणून अंतिम लेखन त्यातही उतरवावे. मूळ मिडी, ध्वनिमुद्रण, हातांचे चित्रण व ही फाइल अशा चारही वस्तू दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. छापील प्रत चांगल्या कागदावर काढून, पानांना क्रमांक घालून, एक शिक्षकांच्या घरी व एक शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात द्यावी.